वारणाकांठची नोंद

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारी सडक आंबा घाटाकडे वळण्यापूर्वीं मलकापुरावरून जाते. १८४४ सालीं गडकऱ्यांचें बंड मोडल्यावर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचें ठाणें गडावरून खालीं मलकापुरास आलें आणि जहागिरीचा कारभार तेथून चालूं लागला. त्या काळच्या कोणत्याही जहागिरींत रयतेच्या शेताची व साऱ्याची नोंद दप्तरांत होत असे. परंतु ती नोंद वसुलाच्या उपयोगाची. जिच्याविषयीं ती असे, त्या रयतेस ती क्वचितच पाहावयास मिळे. मलकापूरच्या परिसरांतील कडवी नदी पुढें वारणेस मिळते. त्याच वारणेच्या खोऱ्यांत, मलकापुराच्या पूर्वेस वारणानगर येथें, पिकाची नोंद कारखान्याला व शेतकऱ्याला सारखीच उपयोगी पडावी, असा एक प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

त्याचें महत्त्व कळण्यास साखर कारखान्याचें वेगळेपण ध्यानांत घेतलें पाहिजे. कापडगिरणीच्या वखारींत कापसाच्या गांठी महिनेच्या महिने पडून राहिल्या तरी फारसें बिघडत नाहीं. उंसाचें तसें नाहीं. तोडल्या क्षणापासून त्यांतील साखर घटूं लागते; म्हणून तो शक्य तों चोवीस तासांच्या आंत गाळावा लागतो. तोड जरुरीपेक्षां अधिक झाली तर गाड्या आवारांत उभ्या राहून ऊंस वाळतो. कमी झाली तर यंत्र थांबतें आणि तें पुन्हां चालू करण्यांत इंधन व्यर्थ जातें. शिवाय सर्व ऊंस एकाच वेळीं पक्व होत नाहीं. पावसाळ्यांत लावलेला आडसाली ऊंस सोळा ते अठरा महिने घेतो, जानेवारी-फेब्रुवारींतील सुरू ऊंस सुमारें बारा महिन्यांत तयार होतो, आणि खोडव्याचा हिशेब आणखी निराळा. तात्पर्य, या कारखान्याची योजना गाळपाच्या यंत्राजवळ सुरू होत नाहीं. ती वर्ष-दीड वर्ष आधीं, शेतांत लावण होते त्या दिवशींच सुरू होते.

१९५० च्या सुमारास प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. वारणेच्या खोऱ्यांत तें कार्य तात्यासाहेब कोरे यांनीं त्याच दशकांत उभारलें. अशा कारखान्यांत ऊंस पुरविणारा शेतकरीच मालक असतो. पण असे मालक हजारों, आणि बहुतेकांचें रान थोडें. कोणाची लावण केव्हां झाली, उंसाची जात कोणती, क्षेत्र किती, हें सारें वहींत टिपावयाचें आणि त्यावरून तोडीची पाळी लावावयाची, अशी सर्वत्र रीत होती. पाळी लांबली तर शेतकऱ्याचें नुकसान दुहेरी. उभ्या उंसाला तुरा येऊन वजन घटतें आणि पुढच्या पिकासाठीं रान वेळेवर मोकळें होत नाहीं. वही मात्र कचेरींत आणि शेतकरी गांवांत! आपली पाळी खरोखरच आली नाहीं, कीं कोणीं मागें ढकलली, ही शंका मनांत आली तर तिचें निरसन सहजासहजीं होत नसे.

१९९८ मध्यें 'वायर्ड व्हिलेज' या नांवाची योजना वारणेस सुरू झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें तींत पुढाकार घेतला. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारनें, चाळीस टक्के राज्य सरकारनें व दहा टक्के वारणेच्या संस्थेनें उचलावा, असें ठरलें. कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांतील सत्तर गांवें या योजनेंत होतीं. गांवोगांवीं संगणकाचीं केंद्रें निघालीं. लावणीची नोंद तेथें होऊं लागली, तोडीची चिठ्ठी तेथें मिळूं लागली, आणि उंसाचें वजन व बिल यांची माहितीही तेथेंच कळूं लागली. एरवीं कारखान्यापर्यंत घालावे लागणारे हेलपाटे वांचले. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य अशा अनेक गोष्टींची आशा या योजनेनें दाखविली होती; पण लोकांनीं केंद्रांचा उपयोग केला तो मुख्यतः उंसाच्या हिशेबापुरता. ज्या माहितीवर घरचा पैसा अवलंबून होता, तीच माहिती विचारावयास शेतकरी आला. यांत आश्चर्य तें काय?

पुढें संगणकांची निगा राखण्याचा खर्च जड होऊं लागला. विजेचा खोळंबाही होताच. तेव्हां मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधनशाळेनें सात गांवांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजीं साधा मोबाईल फोन व त्यावरील लघुसंदेश यांनीं तेंच काम होतें कीं काय, हें पाहावयाचें होतें. तें झालें; खर्च कमी आला, सोय वाढली, आणि शेतकऱ्यांनींही तीच रीत अधिक पसंत केली. भारी यंत्र आणलें म्हणजे कारभार सुधारतो, या समजुतीला वारणाकांठच्या त्या सात गांवांनीं दिलेलें हें उत्तर होय.

तथापि यंत्र साधें असो वा भारी, लावणीची तारीख खोटी लिहिली तर तें खोटी पाळीही तितक्याच तत्परतेनें लावील. फरक पडतो तो इतकाच, कीं नोंद गांवांत दिसूं लागली म्हणजे शेजाऱ्याची व आपली तारीख ताडून पाहतां येते आणि जाब विचारतां येतो. जहागिरीच्या काळीं रयतेस हा अधिकार नव्हता.

आणि तरीही एक घटक या हिशेबाच्या कडेला उभा आहे. मराठवाड्यांतून, विशेषतः बीड जिल्ह्यांतून, हंगामास येणाऱ्या तोडणीच्या टोळ्यांना मजुरी टनावर मिळते. योजना चुकून गाडी उशिरां आली, तर फडांत मुलांबाळांसह वाट पाहण्यांत गेलेले तास त्यांच्या मजुरींत धरले जात नाहींत. कारखान्याचा खोळंबा मोजला जातो, शेतकऱ्याची पाळी नोंदली जाते. त्याच नोंदींत टोळीच्या त्या तासांसाठीं एक रकाना आंखणें आजच्या यंत्राला अवघड नाहीं. तो आंखावयाचा कीं नाहीं, हें मात्र कारखान्याच्या मालकांनीं, म्हणजे शेतकऱ्यांनींच, ठरवावयाचें आहे.