दाखल्याची वेस

दलित विद्यार्थ्याने परप्रांतातल्या विद्यापीठात जावे की जाऊ नये, याची चर्चा आपल्याकडे नेहमी धाडसाच्या भाषेत होते. गेला तो हिंमतवान, राहिला तो घरकोंबडा. ही भाषा मला मान्य नाही. अंतराला भिणारा हा समाज कधीच नव्हता. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीत झाला, कारण सुभेदार रामजींची नोकरी तिथे होती. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली. कुणी हुकुमाने गेले, कुणी पोटासाठी गेले. पण ती गेली की महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर यायची. विद्यापीठात जाणारा पोरगा मनिऑर्डर पाठवीत नाही, तो घरातून मागतो. आणि दुसरे असे की, गिरणीत जाणाऱ्याला 'माझा हक्क माझ्याबरोबर येतो की गावातच राहतो?' असा प्रश्न कधी पडला नाही. विद्यार्थ्याला तो पडतो. या दोन प्रश्नांचा इतिहास आपण नीट मांडलेला नाही, म्हणून दर वर्षी नवी मुले तो कोऱ्या पाटीवरून सोडवायला बसतात.

आमच्या भागात दूर जाण्याचा एक दुसरा नमुनाही आहे. विटा-खानापूर, आटपाडी, खटाव, माण या टापूतली गलाईवाली माणसे सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत पसरलेली आहेत. दहावी नापास झालेला पोरगा बिनदिक्कत कोइमतूरला जातो, कारण तिथे चुलत्याचे दुकान असते. त्याच्या दृष्टीने कोइमतूर ही भावकीचीच पुढची गल्ली. या जाळ्यात आमची माणसे माझ्या पाहण्यात फार थोडी. त्यामुळे ज्या गावातून एकजण सहज दोन हजार किलोमीटर जातो, त्याच गावातल्या दुसऱ्याला पाचशे किलोमीटर डोंगराएवढे वाटतात. याला भित्रेपणा म्हणणे हा अन्याय आहे.

वडूज म्हटले की लोकांना ९ सप्टेंबर १९४२ चा कचेरीवरचा मोर्चा आणि हुतात्मे आठवतात. ते योग्यच आहे. पण शिक्षणाच्या इतिहासात खटाव तालुक्याचे नाव एका वेगळ्या प्रवासाने आले आहे. १९०१ च्या सुमारास सुभेदार रामजी या तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलेला भिवा (तारीख ७ नोव्हेंबर १९००) सुट्टीत भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर मुले उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर, गाडी मुलांनी हाकायची या अटीवर, एकजण तयार झाला. डबा जवळ होता, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही. बाबासाहेबांच्या इंग्रजी आठवणींत गावाचे नाव 'कोरेगाव' छापलेले आहे, चरित्रकार 'गोरेगाव' म्हणतात. गाव खटाव तालुक्यातले असे स्वतः बाबासाहेबच सांगतात, आणि कोरेगाव हा तर स्वतंत्र तालुका आहे. तेव्हा गोरेगावच धरावे, असे माझे मत. मुद्दा असा की, आमच्या तालुक्यातला तो प्रवास चांगले कपडे घातलेल्या, पैसे जवळ असलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलांचा होता. भाडे होते, गाडी नव्हती. हे वाक्य आजही पुष्कळ ठिकाणी लागू पडते.

त्यानंतर बारा वर्षांनी तोच मुलगा न्यूयॉर्कला निघाला. १९१३ चा तो निर्णय आपण पोवाड्यासारखा सांगतो. एकदा तो घरखर्चाच्या वहीसारखा वाचून पाहावा. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. घरात रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी, असा करार. म्हणजे मिळवता माणूस गेलेला, दुसरा मिळवता होऊ शकणारा तीन वर्षे बाहेर, आणि पुढची दहा वर्षे आधीच लिहून दिलेली. घर कुणी चालवले? थोरले बंधू आनंदराव यांनी आणि रमाबाईंनी. कोलंबियाच्या एम. ए. वर (१९१५) एकाचेच नाव आहे, पण ती पदवी किमान तिघांनी मिळवलेली आहे. जो कुणी बाहेर जायचे ठरवतो त्याच्या घरात एक आनंदराव असतो आणि एक रमाई असते. निर्णय त्यांचाही असतो, याची नोंद आपले सत्कार समारंभ करीत नाहीत.

आपल्या समाजाने परराज्यातल्या विद्यापीठाचा पहिला सामुदायिक अनुभव कुठे घेतला? मी म्हणतो, औरंगाबादला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. त्या वेळी औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते आणि महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. सातारा होता मुंबई राज्यात. म्हणजे साताऱ्याकडचा विद्यार्थी मिलिंदला गेला तर तो कायद्याने परराज्यात आणि परक्या विद्यापीठात जात होता. तरी त्याला ते परके वाटायचे कारण नव्हते. संस्था बाबासाहेबांची, वसतिगृह आपले, शेजारच्या खाटेवरचा आपला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि ही सरहद्द पुसली गेली. राज्याची रेघ ओलांडणे अवघड नसते; रेघेपलीकडे आपले काही आहे की नाही, यावर सगळे ठरते, हे मिलिंदने दाखवून दिले.

आता खऱ्या गाठीकडे येतो. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अट घातली की, हिंदूखेरीज इतर धर्म मानणारा अनुसूचित जातीत धरला जाणार नाही. १९५६ साली शीख त्यात आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आपण बुद्धाला शरण गेलो, आणि कायद्याच्या लेखी अनुसूचित राहिलो नाही. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. या राज्यापुरता प्रश्न मिटला. पण राज्यापुरताच! केंद्राचा कायदा तसाच राहिला. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसांना आता दुसरी एक वेस मिळाली. ती महाराष्ट्राच्या सरहद्दीवर होती आणि दाखल्यातल्या एका शब्दाची बनलेली होती.

मी १९७६ साली बी. ए. झालो. वडील मुंबईत गिरणीत. आई वडूजला, १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आणि पुढेही रोजगार हमीच्या कामावर जात राहिली. इतिहास घेऊन दिल्लीला शिकावे असे माझ्या मनात होते. वडील गावी आले तेव्हा त्यांना सांगितले. त्यांनी दिल्ली किती लांब हे विचारले नाही. म्हणाले, "तुजा कागुद तिथं चालतोय का ते बघ आदी." गिरणीत बदली कामगार म्हणून वर्षे काढलेल्या माणसाला कागदाची किंमत पदवीधरापेक्षा जास्त कळते. मी दाखला घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने सरळ सांगितले, "बौद्ध लिहिलंय, हे राज्याबाहेर उपयोगाचं नाही. हिंदू महार लिहून आणा, लगेच देतो."

तो माणूस कायद्याने बरोबर होता. आणि इथेच हा प्रश्न प्रवासखर्चाचा न राहता दुसराच झाला. १९५६ साली माझ्या वडिलांनी घरातले देव विहिरीत टाकले होते. वीस वर्षांनी त्यांच्या मुलाने राखीव जागेसाठी 'हिंदू' हा शब्द परत आणायचा? माणदेशातल्या माझ्या एका मित्राने तसा दाखला काढला आणि तो दिल्लीला गेला. पुढे त्याचे लग्न बौद्ध पद्धतीनेच झाले. त्याला मी कधी बोल लावला नाही. उपाशी माणसाला एकाच वेळी पोट आणि स्वाभिमान यांतून निवड करायला लावणारा कायदा असतो, तेव्हा दोष निवडणाऱ्याचा नसतो. मी कोल्हापूरला गेलो. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालेले, माझा दाखला तिथे जसाच्या तसा चालत होता, आणि एस. टी. ने रात्रीपर्यंत घरी पोचता येत होते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्या काळी जातीखेरीज मागास प्रदेश आणि घरची गरिबी पाहूनही जादा गुण देत असत, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. वडूजला ही बातमी आणणारे कुणी नव्हते. कायद्याइतकीच ही माहितीची वेसही जुनी आहे.

त्याही काळात माणसे गेली. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात मिलिंदमधून नेहरू विद्यापीठात गेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाचा अहवाल दिला. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी मावल्या: जाणे शक्य आहे, आणि गेल्यावर मसूर स्टेशन पुन्हा भेटू शकते.

१९९० साली कायदा बदलला. बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. चौतीस वर्षांनी ती वेस पडली. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात निकाल दिला की, एका राज्यातला अनुसूचित माणूस दुसऱ्या राज्यात गेल्याने तिथला अनुसूचित होत नाही. म्हणून आज स्थिती अशी आहे: साताऱ्याच्या मुलाला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात तिथल्या राज्याच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही, पण हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठात सांगता येतो. २००६ च्या कायद्याने तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. धारवाड जवळ, हैदराबाद दूर. पण दाखल्याच्या हिशेबात हैदराबाद जवळ आणि धारवाड दूर. नकाशावर हे दिसत नाही. मुलांना हे आधी सांगावे लागते.

हैदराबाद म्हटले की घरातली मोठी माणसे गप्प होतात. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्याआधी काही महिने त्याची विद्यावृत्ती थांबलेली होती आणि पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढले होते. पैसा आणि निवारा, या दोन गोष्टी घरापासून दूर असलेल्या मुलाच्या हातातून काढून घेतल्या की त्याला गावही उरत नाही आणि विद्यापीठही. त्या मृत्यूवर आपण भाषणे पुष्कळ केली. उशिरा येणाऱ्या शिष्यवृत्तीवर मात्र भाषण करायला कुणाला आवडत नाही, तो विषय फार कोरडा आहे. माझ्या मते तोच विषय आहे. परराज्यात शिकणाऱ्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तो ज्या राज्याचा आहे त्या राज्याने द्यायची असते. शिकवतो एक, पैसे देतो दुसरा, आणि कागद दोघांमध्ये फिरत राहतो. फिरतो तेवढे महिने मेसचे बिल थांबत नाही.

अलीकडे वडूजजवळच्या एका वस्तीवरची मुलगी हैदराबादला एम. ए. ला लागली. बाप नाही, आई मजुरीला जाते, मामा पुण्यात रिक्षा चालवतो. आम्ही तिघे-चौघे बसलो आणि कागद लावले: केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढायचा, राज्याचा दाखवून भागत नाही, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, पहिल्या सहा महिन्यांची मेस. आईने एकच विचारले, "तिकडं पोरगी आजारी पडली तर कोण हाय?" तिथे आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन ही संघटना १९९३ पासून आहे, रोहितही त्याच संघटनेतला होता, हे मी सांगितले. दोन्ही गोष्टी सांगितल्या. आईने संघटनेतल्या एका मुलीचा नंबर मागून घेतला, स्वतः फोन केला, अर्धा तास बोलली, अर्धे तिला मराठीत कळले आणि अर्धे पलीकडच्या पोरीला. मग म्हणाली, "जाऊ द्या."

ती गेली. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अजून यायचा आहे. तोवर मामा दर महिन्याच्या सात तारखेला मेसचे पैसे पाठवतो.