माँटिसेलोची बिअर

इतिहास वाचताना मला तहनाम्यांपेक्षा घरखर्चाच्या वह्यांची ओढ अधिक. तहनामा लिहिणारा शब्द तोलून लिहितो. वाणसामानाचा हिशेब मांडणाऱ्याला मात्र तो पुढे कोणी वाचील अशी शंकाही नसते. म्हणूनच तिथे खरे सापडते.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या पत्नी मार्था यांची अशी एक वही आहे. १७७२ साली त्या व्हर्जिनियातील माँटिसेलोच्या टेकडीवर नांदायला आल्या आणि दर पंधरवड्याला पंधरा गॅलनच्या हिशेबाने सौम्य बिअर घरीच करवू लागल्या. त्या घरात ही बिअर म्हणजे चैन नव्हे, जेवणाबरोबरचे नेहमीचे पेय होते. या वहीत एक नोंद आहे : जुना सदरा देऊन सात पौंड हॉप्स घेतले.

हॉप्स ही एक वेल. मांडवावर चढते आणि तिच्या फुलांचे हिरवट झुबके वाळवून ठेवतात. धान्याला मोड आणून, ते वाळवून, भरडून गरम पाण्यात मुरवले, की गोडसर रस निघतो. त्यात हे झुबके उकळले म्हणजे कडवटपणा येतो; आणि पुढे आंबवलेली बिअर लवकर बिघडत नाही. गोडी धान्याची, पण टिकाऊपणा हॉप्सचा.

मार्थाबाई १७८२ साली वारल्या. पुढे १८१३ मध्ये युद्धामुळे त्या भागात अडकून पडलेला जोसेफ मिलर नावाचा इंग्रज बिअरवाला जेफरसन यांना भेटला. त्याच्या हाताखाली त्यांनी आपला एक गुलाम शिकायला ठेवला. १८१५ च्या एका पत्रात जेफरसन लिहितात, की आपण आता घरापुरती बिअर करू लागलो आहोत आणि आपल्या माणसांपैकी एकाला हे शिक्षण मिळाले आहे. त्या माणसाचे नाव मात्र तिथे नाही.

ते नाव पीटर हेमिंग्ज. जन्म १७७०. आधी कित्येक वर्षे तो माँटिसेलोचा मुख्य स्वयंपाकी होता. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाची गडबड असते त्याच सुमारास, ऑक्टोबरअखेर, तो धान्याला मोड आणायला घेई आणि साठ-साठ गॅलनची तीन पिपे ओळीने भरी. १८२० मध्ये जेफरसन यांनी मॅडिसन यांना कळवले, की तुमचा माणूस शिकायला पाठवा. आमचा बिअर करणारा असामान्य बुद्धीचा आहे.

आणखी एक गोष्ट. पीटर हा मार्थाबाईंच्या वडिलांचाच मुलगा, असे इतिहासकार मानतात. म्हणजे ज्या घरात बहीण मालकीण म्हणून बिअर करवीत होती, त्याच घरात सावत्र भाऊ पुढे गुलाम म्हणून ती करीत होता.

आणि हॉप्स? जेफरसन यांच्या हिशेबात बॅगवेल नावाच्या शेतावरच्या गुलामाला साठ पौंड हॉप्सबद्दल वीस डॉलर दिल्याची नोंद आहे. मालकाचे काम उरकल्यावर जो वेळ उरे, त्यात हे लोक आपल्या झोपड्यांलगत भाजीपाला काढीत आणि तो मोठ्या घरी विकीत. ती नोंद वाचल्यापासून मला तो जुना सदरा वेगळाच दिसू लागला. मोठ्या घरातला जुना सदरा घेऊन बदली हॉप्स कोण देत असेल, हे काय सांगायला हवे?

१८२६ साली जेफरसन कर्जात बुडालेले असताना वारले. जानेवारी १८२७ मध्ये गुलामांचा लिलाव झाला. छप्पन्न वर्षांच्या पीटरला त्याच्या स्वतंत्र झालेल्या भाच्याने, डॅनिएल फार्लीने, एका डॉलरला विकत घेतले. पुढे पीटर स्वतंत्र माणूस म्हणून शिंपीकाम करून राहिला.

आजही त्या बिअरला लोक जेफरसनची बिअर म्हणतात. मार्थाबाईंची वही आणि जेफरसन यांचे हिशेब शेजारी ठेवून वाचले, की मला तसे म्हणवत नाही.