लाल ठिपका काळा दिसतो

नगरजवळच्या भिंगारच्या जुन्या घरात, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तो आल्बम सापडतो. जाड काळी पानं, कागदी कोपऱ्यांत अडकवलेले फोटो. एका फोटोच्या मागं शिसपेन्सिलीनं लिहिलंय: ड्रिग रोड, कराची, १९३३. पुढं दुहेरी पंखांचं विमान. त्यावरच्या गोल खुणेत मधला ठिपका काळाकुट्ट, बाहेरचं कडं फिकट. त्या ठिपक्याकडं टक लावून पाहा.

उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते, समुद्राकडचा खारा वारा अंगाला लागतो आणि तोच ठिपका लालभडक होतो. कडं तर गडद निळं! त्या काळातल्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे आणि निळा पांढरट उमटे. घरोघरच्या आल्बमांनी आपल्याला असंच फसवलंय.

समोर वेस्टलँड वापिटी उभं आहे, चंदेरी. पंखाला हात लावा. तबल्याच्या पुडीसारखं ताणलेलं कापड बोटाखाली वाजतं. त्यावर चोपडलेल्या डोप नावाच्या रोगणाचा उग्र वास नाकात शिरतो. या विमानाचा आराखडाही पुरता नवा म्हणता येत नाही. आधीच्या डीएच ९-ए विमानाचे सुटे भाग गोदामांत पडून होते, ते वापरायचे, ही ब्रिटिश सरकारची अटच होती. साम्राज्य आकाशातसुद्धा काटकसरीनं उडत होतं म्हणायचं.

एप्रिल महिना आहे. १ तारखेला हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी इथं उभी राहिली. चार वापिटी, सहा हिंदी अधिकारी, १९ हवाई सिपाही. संपलं हवाई दल. त्यातलाच एकजण हात पुसत तुमच्याकडं वळतो.

“कुठला रे तू?”

“नगरचा.”

“मग इलाख्यातलाच की!”

खरंच आहे. कराची अजून मुंबई इलाख्यात आहे. नगरहून दौंड, पुढं मुंबई, तिथून आगबोट. एवढा प्रवास करूनही माणूस आपल्याच इलाख्यात राहतो. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य अशा अगदी आपल्याकडच्या वाटणाऱ्या नावाची शाळाही आहे. १९३६ च्या १ एप्रिलला सिंध वेगळा होईल, हे मात्र इथं कुणाला सांगू नका.

दूर एक अवाढव्य छप्पर दिसतं. आर-१०१ हे हवाई जहाज ठेवायला बांधलेलं. ते जहाज इकडं यायला निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये कोसळून जळालं, ४८ माणसं गेली. छप्पर रिकामंच राहिलं. गावकरी त्याला काळा छप्रा म्हणतात.

उडायला निघालेल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जीही आहेत. १ एप्रिल १९५४ ला ते स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख होतील. ही तारीख त्यांच्या कानात सांगायचा मोह होतो, पण तेवढ्यात हाक येते.

“ए नगरकर, खांब धर!”

दोन खांबांमध्ये दोरी ताणलीय, तिला निरोपाची थैली बांधलीय.  विमानाच्या पोटाखालच्या आकड्यानं दोरी ओढून निरोप वर न्यायचा. वापिटी डोक्यावरून गरजत येतं, धुरळा उठतो, तुम्ही मान खाली घालता.

हूक हुकतो. वैमानिक वळसा घालून पुन्हा येतोय.