पट्टी बांधणारे हात : पुण्यातील नासापुनर्रचना ते स्तनपुनर्रचना

नाक असो वा स्तन, पुनर्रचना शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्राच्या अंगाने लिहिला जातो. नंतरच्या मलमपट्टीची दखल क्वचितच घेतली जाते. या दृष्टीने ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील 'जंटलमन्स मॅगझिन'मधील वृत्तांत महत्त्वाचा आहे. इंग्रज सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ वीटकऱ्यांच्या जातीतील एका इसमाने कपाळाच्या त्वचेतून ते पुन्हा घडविले. त्या इसमाचे नाव वृत्तांतात नाही. त्याची शुश्रूषापद्धती मात्र तपशीलवार आहे.

पाण्याने मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवीत. रुग्णास पाच-सहा दिवस उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या खुल्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालीत. कपाळाशी जोडणारी त्वचा सुमारे २५व्या दिवशी कापीत. तोवर तिच्यातूनच नव्या नाकास रक्त मिळे.

हेच तत्त्व स्तनपुनर्रचनेतही दिसते. १९०६ मध्ये इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी स्तन काढल्यानंतरची जखम झाकण्यासाठी पाठीचा स्नायू त्वचेसह, रक्तपुरवठा अखंड ठेवून, छातीवर वळविला. आजही अशा शस्त्रक्रियेनंतर त्वचेचा रंग व ऊब वारंवार तपासतात आणि रक्तवाहिन्यांवर पट्टीचा दाब येऊ देत नाहीत.

शस्त्राने घडविलेले शुश्रूषेने टिकते. सबब, शल्यशास्त्राच्या इतिहासलेखनात पट्टी बांधणाऱ्या हातांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.