गृहशिक्षण, इहवादी (शिरड शहापूर परिसर)

गृहशिक्षण, इहवादी : मुलाच्या विद्याभ्यासाची व शीलसंवर्धनाची जबाबदारी पालकांनी स्वतः पत्करून, त्यात कोणत्याही धर्मग्रंथाचे वा पंथाचे प्रामाण्य गृहीत न धरता, अनुभव, विचारणा आणि पुरावा यांच्या आधारे त्याला घडविण्याची पद्धती. मुलाचे नाव शाळेत मुळीच न घालणे हा तिचा आत्यंतिक प्रकार असून तो महाराष्ट्रात मुख्यत्वे पुणे-मुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांत आढळतो. शाळेचा पट सांभाळून घरी स्वतंत्रपणे शिकविणे हा दुसरा प्रकार होय. औंढा व वसमत यांच्या दरम्यान वसलेल्या, मल्लिनाथांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या शिरड शहापूर गावाच्या (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) परिसरास लागू पडतो तो हा दुसरा प्रकार, म्हणून येथे त्याचाच विचार प्राधान्याने केला आहे.

पूर्वपीठिका : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखालील हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. संस्थानात दरबार, कचेरी आणि दप्तर यांची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई, आणि खासगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागत असे, त्यामुळे मराठी मुलाची मातृभाषा ही पुष्कळ अंशी घरच्या ओसरीवरच शिकावयाची विद्या होऊन बसली. हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेसारख्या (स्थापना १९२१) मोजक्या संस्था हा त्या काळोखातला आधार होता. बाकी ठिकाणी बापाने मुलाला मोडी वाचावयास, जमाखर्च मांडावयास आणि पोथी लावावयास शिकवावे, असाच क्रम होता. हे शिक्षण इहवादी नव्हते, आणि ज्या घरात अक्षर पोहोचले होते त्याच घराला ते लाभत असे. गावकुसाबाहेरच्या मुलांना आणि बहुतेक घरांतील मुलींना त्याचा स्पर्शही होत नसे, ही गोष्ट ओसरीवरील विद्येचे गोडवे गाताना विसरली जाते. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना घरी शिकविले व पुढे १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्या क्रमाचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते : घरच्या विद्येला तेथे दाराबाहेर वाट मिळाली.

नरहर कुरुंदकर (१५ जुलै १९३२ – १० फेब्रुवारी १९८२) : मराठी विचारवंत व लेखक; या विषयाच्या दृष्टीने परिसरातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. कुरुंदकरांचे मूळ गाव कुरुंदा हे वसमत तालुक्यात आहे. जन्म आजोळी, नांदापूर येथे झाला. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर हे ‘मुक्तमयूरांची भारते’ या ग्रंथाचे कर्ते व हैदराबादेतील मराठी विद्येचे आधारस्तंभ होते. भाच्याची खरी जडणघडण झाली ती हैदराबादेत मामांच्या सहवासात, ग्रंथांच्या राशीत आणि निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत. महाविद्यालयाच्या वर्गांचा वाटा त्या मानाने अल्प होता. इंटरच्या परीक्षेत ते नापास झाले, पदवी फार उशिरा मिळाली, आणि तरीही काव्यशास्त्र, इतिहास, स्मृतिग्रंथ व राज्यशास्त्र या सर्व प्रांतांत त्यांचा अधिकार मराठवाड्याने पदवीची वाट न पाहता मान्य केला. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात (स्थापना १९५०) प्राध्यापक व प्राचार्य झाले. परंपरेत मुरलेल्या घरात वाढलेला हा मुलगा स्वतःस उघडपणे नास्तिक म्हणवू लागला, मनुस्मृतीची कठोर चिकित्सा करू लागला, आणि तरीही महाभारतावर प्रेमाने लिहीत राहिला. इहवादी गृहशिक्षण म्हणजे मुलाला परंपरेपासून दूर ठेवणे, असा जो समज आहे त्याला याहून समर्पक उत्तर नाही. परंपरा संपूर्ण हाती देणे आणि तिच्याशी भांडण्याची मुभाही त्याच हाताने देणे, हे घरातील वडीलधाऱ्यांचे खरे काम, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

मूल्यसंस्कार : राज्याच्या पैशावर पूर्णतः चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या अनुच्छेद २८ ने मनाई केली आहे, तेव्हा धर्माविषयी मुलास काय व कसे सांगावे हा प्रश्न अखेर घरापाशीच येतो. औंढ्याचे नागनाथ मंदिर या बाबतीत उत्तम पाठ्यवस्तू आहे. तेथे नंदी देवळाच्या मागील बाजूस आहे. संत नामदेवांचे कीर्तन अडविले गेले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आजी नातवाला सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ती कथा तशीच सांगावी. मग नातवाला भिंतीपाशी न्यावे, खालचे यादवकालीन कोरीव काळे पाषाण आणि वरचे, नंतरच्या काळात बांधलेले शिखर यांतील फरक बोटाने दाखवावा, आणि ‘हे दोन्ही एकाच वेळी बांधले असतील का रे?’ एवढेच विचारून थांबावे. कथा ही कथा म्हणून आणि इतिहास हा इतिहास म्हणून, दोन्ही आदराने त्याच्या मनात राहतात. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद व जिज्ञासा यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य अनुच्छेद ५१क मध्ये १९७६ साली आले. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे पालकाचे कर्तव्य त्याच अनुच्छेदात २००२ च्या दुरुस्तीने आले.

हळदीचे गणित : वसमत-हिंगोलीकडे हळद हे मुख्य नगदी पीक, आणि ज्या शेतकऱ्याला स्वतःला शाळा फारशी लाभली नाही त्याच्याही हाती मुलाला शिकविण्याचे हे साधन आहे. काढणी झाल्यावर जेठे गड्डे आणि हळकुंडे निराळी करावयाची, कुकरमध्ये वाफेवर शिजवावयाची, शिजली की नाही हे हळकुंडात काडी खुपसून पाहावयाचे, मग उन्हात वाळवून ढोलात घासावयाची. काडी अलगद आत गेली, की कढईजवळ वा कुकरजवळ बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी ‘झालं’ म्हणते. ते तिचे अनुमान तिने स्वतः कमावलेले असते. चार-पाच क्विंटल कच्च्या मालातून वाळून एक क्विंटलच्या आसपासच का उरतो, उरलेले वजन गेले कोठे, बाजारात भाव इतका असता घरी काय आले, आणि बेण्याकरिता राखून ठेवलेल्या गड्ड्यांची किंमत खर्चात धरावयाची की नाही, हे प्रश्न बापाने तिच्यापुढे ठेवले तर गुणोत्तर, बाष्पीभवन व जमाखर्च हे तिन्ही विषय एका खळ्यात शिकून होतात. वजनकाट्यावर मुलीला पुढे उभे करणे आणि पावतीवरील आकडा तिच्याकडून ताडून घेणे, हेही मूल्यशिक्षणच.

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १० प्रमाणे पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते न केल्याबद्दल पालकास शिक्षा मात्र कायद्यात सांगितलेली नाही. यावरून गृहशिक्षणास मोकळीक आहे की नाही, याविषयी जाणकारांत दुमत आहे. कलम ४ अन्वये कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

सहायक संस्था व साहित्य : पुण्याहून निघणारे ‘पालकनीती’ मासिक, ‘आपली मुलं’ या पुस्तकाच्या लेखिका शोभा भागवत यांचे गरवारे बालभवनातील काम, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता, कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या संस्थापिका लीलाताई पाटील ही पालकांना उपयोगी पडणारी काही नावे होत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाड येथील बालशिक्षणाचे कार्य मात्र गृहशिक्षणापेक्षा शाळेच्या इतिहासात मोडते.

महासाथीचा काळ : मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जे घर कधी शाळा नव्हते त्याला शाळा व्हावे लागले. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीकरिता ‘टिलीमिली’ ही ४८० भागांची मालिका दाखविण्यात आली; तीत घरातील व परिसरातील वस्तू घेऊन पालक व मुले मिळून करावयाच्या कृतींवर भर होता. ज्या घरी दूरदर्शन संच होता आणि दिवसा एखादे मोठे माणूस घरी होते, त्या घराला तिचा उपयोग झाला. मजुरीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांचे शिक्षण त्या काळात थोरल्या बहिणींनी केले.

अन्यत्र : अमेरिकेत घरी शिकविणाऱ्यांत धार्मिक प्रेरणेचा गट मोठा असून इहवादी शाखा शिक्षणविचारक जॉन होल्ट यांच्या विचारांशी नाते सांगते.

परीक्षा व दाखले : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (स्थापना १९८९) मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी यांना समकक्ष असून माध्यमिक परीक्षेस किमान वय १४ वर्षे लागते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीस बाहेरून बसावयाचे तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो.