ओवा, पेनिसिलिन आणि आमच्या गाईचा चौथा सड

ज्यांना कानात हेडफोन घालून बसायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथं अडखळलो तेवढं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात आमच्या गोठ्यातून करतो. भोकरदन तालुक्यातलं गाव, काकांच्या चार संकरित गाया. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो तर एकीला दगडी झालेली. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, दगडी म्हणजे कासदाह. कास दगडासारखी घट्ट होते, हात लावला की गाय लाथ झाडते, दुधात गुठळ्या येतात. काका डॉक्टरांना फोन लावत होते. मी मध्येच म्हणालो, "काका, थांबा जरा. सारखं सारखं अँटिबायोटिक नका देऊ. वनस्पतींच्या तेलांवर लई संशोधन झालंय."

संशोधन म्हणजे काय, तर मोबाईलवर वाचलेले तीन-चार पेपरांचे सारांश. ओव्याचं तेल खोबरेलात मिसळून दोन दिवस बाहेरून कासेला चोळलं. तिसऱ्या दिवशी गाईला ताप, वैरणीला तोंड लावेना. मग डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, गाय वाचली. एक सड मात्र कायमचा आटला. तीन सडांच्या गाईला बाजारात काय भाव येतो, हे ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना सांगायला नको.

पुण्याला परत आल्यावर मी ते पेपर पूर्ण वाचले. वाचता वाचता मागं मागं गेलो आणि लक्षात आलं की मी ज्याला नवा पर्याय म्हणत होतो, तो अँटिबायोटिकच्याही आधीचा आहे.

साल 1887, पॅरिस. लुई पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या वाफा जंतूंवर सोडून बघत होता. जंतू कुठला? अँथ्रॅक्सचा, म्हणजे आपल्याकडं गुरांना होणारी फाशी. काही तेलांच्या वाफेत तो जंतू वाढेना. तेल विरुद्ध गुरांच्या रोगाचा जंतू, ही लढत प्रयोगशाळेत तेव्हाच लागली होती. पेनिसिलिन सापडायला अजून 41 वर्षं होती.

आता ओव्याकडं या. ओव्याच्या तेलात जो झणका असतो तो मुख्यतः थायमॉलचा. दुकानात 'ओव्याची फुलं' म्हणून पांढरे खडे मिळतात ते हेच, आणि आजीच्या अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या सत्त्वासोबत हेच असायचं. पहिल्या महायुद्धाआधी थायमॉल हे जगभर चालणारं जंतुनाशक होतं. जखमेला लावायला, पोटातल्या हुकवर्मवर, तोंड धुवायच्या औषधात. ते बनवण्यात जर्मनी पुढं होता आणि त्यासाठी ओवा जायचा हिंदुस्थानातून. आपला ओवा बोटीत बसून जर्मनीला जायचा आणि थायमॉल होऊन महाग भावात परत यायचा. (कापसाची गोष्ट आठवली ना? मलाही.) 1914 ला युद्ध पेटलं, जर्मनीचा रस्ता बंद झाला, थायमॉलचे भाव कडाडले आणि मग इथंच ते काढायची धडपड सुरू झाली. आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि ओवा त्या राज्यातही पिकायचा.

मग हे सगळं मागं का पडलं? कुणाचा कट होता म्हणून नाही. पेनिसिलिन खरंच भारी होतं म्हणून.

1940 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत गाईच्या सडातून पेनिसिलिन आत सोडायला सुरुवात झाली. आपल्याकडं 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. 1955 पासून तिथं पेनिसिलिन बनू लागलं. बाहेरून मागवावं लागणारं औषध घरचं झालं. आज त्या रस्त्यानं मी रोज ऑफिसला जातो आणि कितीतरी दिवस मला ते नुसतं बसस्टॉपचं नाव वाटायचं.

आता माझी चूक नेमकी कुठं झाली ते सांगतो. काचेच्या बशीत थायमॉल टाकलं तर ते जंतूचं आवरणच फाडतं, हे खरंय. दगडी करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतूही बशीत मरतो. पण कास म्हणजे बशी नाही. तिथं दूध आहे, दुधात फॅट आणि प्रथिनं आहेत. तेल फॅटमध्ये विरघळतं आणि जंतूपर्यंत पोचायच्या आधी तिथंच अडकतं. म्हणून डोस वाढवावा, तर आतली नाजूक कातडी जळते. त्यात स्टॅफ हा जंतू आत खोल गाठी करून लपतो. मी तर तेल बाहेरून चोळत होतो! आमच्या धंद्यात म्हणतात तसं, माझ्या लॅपटॉपवर चालत होतं, प्रॉडक्शनला गेलं आणि कोसळलं.

आणि तेल दुधात उतरलं तर वासही उतरतो. अठराव्या शतकाच्या शेवटी टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत क्लॉड मार्टिन या फ्रेंच अधिकाऱ्याला एक सुगंधी गवत दिसलं. गुरं ते आवडीनं खायची आणि त्यांच्या दूध-लोण्यालाही त्याचा वास लागायचा. त्यानं बी लखनौला नेलं. तेच आपलं रोशा गवत, ज्याचं तेल पुढं खानदेशात भट्ट्या लावून काढायचे. शास्त्रीय नावात आजही मार्टिन आहे, सिंबोपोगॉन मार्टिनी.

पण म्हणून काका बरोबर होते असंही नाही. त्यांची पद्धत म्हणजे पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत बंद, कारण दूध निवळलं आणि उरलेली ट्यूब पुढच्या वेळेला कामाला येते. कमी डोसानं जंतू मरत नाहीत, तयार होतात, हे खुद्द फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणात सांगून ठेवलं होतं. आणि औषध चालू असताना दूध डेअरीला घालायचं नसतं, तेही घातलं जातं. 2018 मध्ये एफएसएसएआयनं देशभरातले दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यातल्या 77 मध्ये अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. आकडा लहान वाटतो. आमच्या घरचं दूध त्या 77 सारखंच असणार, हे मला माहितीये.

कमेंटमध्ये कुणीतरी कोरफडीचं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम हा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं, तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या कामावरून. ते सुगंधी तेल नाही, ती वेगळी गोष्ट आहे. आणि गाईला ताप असेल तर आधी डॉक्टर. मला विचारू नका.

तेलाला जागा आहे, पण मला वाटतं ती सडाच्या बाहेर, दूध काढल्यावर सड बुडवायच्या द्रावणात. रोग व्हायच्या आधी. काका आता रोज सड बुडवतात, आयोडीनमध्ये. कोर्सही पूर्ण करतात आणि तेवढे दिवस दूध ओतून देतात, शिव्या देत देत.

ती गाय त्यांनी विकली नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ती दारातच बांधलेली होती. काका धार काढता काढता म्हणाले, "या डॉक्टरसाहेब. बाटली नाही ना आणली?"

तीन सडांवर आठ लिटर देते.