गृहसजावट आणि अमूर्त चित्रांचा आशय : कँडिन्स्कीच्या चार फलकांचा इतिहास

अमूर्त चित्रकलेच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रदर्शने, जाहीरनामे व कलावंतांचे गट यांच्या आधारे होत आले आहे. ही चित्रे प्रथम ज्यांनी विकत घेऊन आपल्या राहत्या घरात लावली, त्यांच्या निवडीचा विचार त्यामानाने फारच थोडा झाला आहे. रसिकाने दिवाणखान्यासाठी चित्र निवडणे ही कलेतिहासाच्या दृष्टीने गौण बाब होय, असा समज यामागे असावा. हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी एक उदाहरण तपशिलाने तपासणे इष्ट ठरेल. ते उदाहरण म्हणजे वासिली कँडिन्स्की याने १९१४ साली न्यूयॉर्कमधील एका घराच्या प्रवेशदालनासाठी रंगविलेले चार फलक.

या व्यवहाराच्या मुळाशी आर्थर जेरोम एडी हा शिकागोचा वकील होता. त्याची अभिरुची एकाएकी घडलेली नव्हती. व्हिस्लरने १८९४ साली त्याचे व्यक्तिचित्र रंगविले होते, आणि रोदँने १८९८ साली त्याचा अर्धपुतळा घडविला होता. १९१३ सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे भरलेल्या ‘आर्मरी शो’ या प्रदर्शनाने मात्र त्याच्या संग्रहाची दिशाच पालटली. याच प्रदर्शनातून छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने कँडिन्स्कीचे ‘इम्प्रोव्हिझेशन २७’ पाचशे डॉलरना विकत घेतले. एडीनेही कँडिन्स्कीची चित्रे जमविण्यास आरंभ केला, चित्रकाराशी पत्रव्यवहार ठेवला, आणि १९१४ साली नव्या चित्रकलेवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

या पत्रव्यवहारातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. एडीच्या संग्रहात १९१३ साली रंगविलेले ‘इम्प्रोव्हिझेशन ३०’ हे चित्र होते. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तोफांसारखे आकार स्पष्ट दिसतात, आणि ‘तोफा’ हे त्याचे उपनामही रूढ आहे. तेव्हा हे युद्धाचे चित्र समजावे काय? कँडिन्स्कीचे उत्तर मार्मिक आहे. वर्षभर युद्धाची बोलणी कानांवर पडत होती, त्यातून हे आकार आले असतील, हे त्याने मान्य केले. परंतु ते नाव आपण केवळ स्वतःच्या सोयीसाठी वापरले, त्यावरून चित्राचा आशय ठरवू नये, असेही त्याने बजावले. एडीने हा खुलासा आपल्या ग्रंथात छापला. घरात चित्र लावणाऱ्या माणसाला ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न पाहुणे विचारणारच. त्याचे उत्तर मिळविण्याची धडपड येथे कागदोपत्री सापडते. चित्रकाराचे उत्तर गृहस्थाच्या फारसे उपयोगी पडणारे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

एडविन कॅम्पबेल याच्यासाठीच्या फलकांची व्यवस्था एडीच्याच मध्यस्थीने झाली. कॅम्पबेल हा शेव्हरोले मोटार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि मोटार उद्योगातील सुप्रसिद्ध विल्यम ड्युरंट याचा जावई. त्याच्या पार्क ॲव्हेन्यूवरील निवासस्थानाच्या प्रवेशदालनासाठी चार चित्रे हवी होती. कँडिन्स्कीने ती म्युनिक येथे १९१४ च्या उन्हाळ्यात पूर्ण केली. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. रशियन नागरिक असल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली, आणि चित्रांची पाठवणी लांबणीवर पडली.

येथे एक विसंगती दिसते. ‘कलेतील आध्यात्मिकता’ या आपल्या ग्रंथात, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी, कँडिन्स्कीने एक धोका दाखवून दिला होता : निसर्गाशी असलेला संबंध अकाली तोडला तर चित्र हे गळपट्ट्यावरील वा गालिच्यावरील नक्षीच्या पातळीवर उतरेल. असे लिहिणाऱ्या माणसाने एका धनिकाच्या भिंतींच्या मापाने चित्रे करून द्यावीत, हे कसे? त्याने तडजोड केली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चित्रे त्याला दुजोरा देत नाहीत. हे फलक त्याच्या त्या काळातील सर्वांत मुक्त रचनांपैकी आहेत. मापाचे बंधन पाळूनही रेषा व रंग यांच्या उसळीत कोठेही नक्षीची पुनरावृत्ती नाही. त्यांची उंची सुमारे १६२ सेंटिमीटर अशी जवळजवळ सारखी आहे. रुंदी मात्र निरनिराळी : एकाची ८०, दुसऱ्याची ९२, आणि उरलेल्या दोहोंची सुमारे १२२. चित्रकाराला भिंत ठाऊक होती, याचा हा पुरावा होय. भिंतीने चित्राचा आशय ठरविला, याचा नव्हे.

शोभा आणि आशय यांतील हे द्वैत इतर अमूर्त चित्रकारांनी पुढे वेगळ्या रीतीने सोडवू पाहिले. मोंद्रियान याने १९२६ साली ड्रेस्डेन येथील संग्राहिका ईडा बीनर्ट हिच्या घरातील एका खोलीची योजना आखली. तीत भिंती, छत व जमीन मिळूनच एक रचना व्हावयाची होती. चित्र टांगण्याचा प्रश्नच त्यामुळे उरत नव्हता. त्याच्या हयातीत ती खोली उभी राहिली नाही. त्या दशकात त्याला चरितार्थासाठी फुलांची चित्रे विकावी लागत होती, हेही या संदर्भात ध्यानात ठेवावे. ग्राहकांच्या निवडीविषयी ते पुष्कळ सांगते.

कॅम्पबेलचे फलक पुढे विखुरले. दोन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहात गेले, तर दोन तेथीलच आधुनिक कला संग्रहालयाने १९५४ साली मिळविले. मध्यंतरी त्यांना वसंत, ग्रीष्म, शरद व शिशिर अशी चार ऋतूंची नावे चिकटली. चारांचा संच म्हणजे ऋतू, ही कल्पना युरोपीय गृहसजावटीत जुनीच; अपरिचिताला परिचिताच्या चौकटीत बसविण्याचा हा सोपा मार्ग होता. आज संग्रहालय त्यांना केवळ क्रमांकांनी ओळखते. १९८० नंतर विनिमयाने चारही फलक आधुनिक कला संग्रहालयात एकत्र आले आहेत. ज्या दालनासाठी ते रंगविले, तेथे ते शेजारी-शेजारी एका ओळीत होते, की दारांच्या अंतराने समोरासमोर, याचा मागोवा घेताना रुंदीतील हा फरकच अभ्यासकाला प्रथम विचारात घ्यावा लागेल.